कोरड्या लायनी

"आज हाक कोण मारणार?" फोनवर द्वारकाबाईंनी विचारलं.

"मी मारतो. तुम्ही ओ द्या," केशवराव म्हणाले.

"आन् किती वर बसवू?"

"तेहतीस."

मग द्वारकाबाई काहीतरी बोलल्या. काय ते केशवरावांना नीट लागलं नाही. पण ह्या वेळेला ह्या फोनवर काय बोलायचं ते तीन वर्षांपासून ठरलेलंच होतं, त्यामुळे ते नेहमीसारखे "हो, हो, ठेवा" म्हणाले, कळ दाबली आणि रिसीव्हर जागेवर ठेवला.

शहरात, औरंगपुऱ्यात भांड्यांच्या दुकानावर टँकरमालकांच्या संघाचं ऑफिस होतं. दोन खोल्या, एक पंखा, एक कॉम्प्युटर. दुष्काळाचा तो सलग दुसरा उन्हाळा. कुठल्या गावाला उद्या किती खेपा पाण्याच्या लागणार त्याची यादी संघाच्या चितेगावच्या केंद्रावर तयार व्हायची आणि रोज दुपारी चारला टेलिफोनच्या तारेवरून इथे यायची. इकडे केशवराव धारूरकर, तिकडे द्वारकाबाई. तीन वर्षं रोज बोलत होते, पण दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलेलं नव्हतं.

तारेच्या दोन्ही टोकांना एकेक मोडेम. ही यंत्रं आधी एकमेकांना शिट्ट्या मारतात, किंचाळतात, आणि आपापसात ठरवतात की बुवा, बोलायचं कसं आणि किती वेगानं. त्यांच्यावर सोडलं तर ती हावरटासारखी मोठ्यात मोठा वेग धरतात. तार चांगली असेल तर ठीक. तारेत खरखर असेल तर अर्ध्यात तुटतं आणि सगळं पहिल्यापासून. म्हणून आधी माणसांनी ठरवायचं. हाक कुणी मारायची, ओ कुणी द्यायची, आणि तेहतीस, अठ्ठावीस, चौदा की नऊ, कितीच्या वर जायचं नाही. दोन्हीकडे तोच आकडा टाकायचा आणि मग यंत्रांना सोडायचं.

तो आकडा ठरवायचा केशवरावांनी, आणि ठरवायचा कानानं. मोडेमच्या पोटातला बारीक स्पीकर शिट्ट्या ऐकवायचा. केशवराव मान तिरकी करून, डोळे मिटून ऐकायचे आणि म्हणायचे, "तोडा. चौदावर घ्या." की खरोखर चौदावर यादी सरळ उतरायची. ड्रायव्हर लोक दारात उभं राहून हे बघायचे. कचरू ड्रायव्हर तर दुसऱ्यांना बोलावून आणायचा, की बघ, आमचे काका मशीनची नाडी बघतात. केशवराव वर बघायचे नाहीत, पण त्यांना ते ऐकायला आवडायचं. कुणाला नाही आवडणार?

हा कान त्यांनी फुकट कमावला नव्हता. बावीस वर्षं एका वर्तमानपत्राच्या टेलिप्रिंटरच्या खोलीत काढली होती. चार यंत्रं दिवसभर खडखडत असायची. नुसत्या आवाजावरून फीत झिजली की कागद अडकला ते केशवराव दुसऱ्या खोलीतून सांगायचे. टेलिप्रिंटर गेले, नोकरी गेली, आणि पन्नाशी ओलांडल्यावर संघाचे सेक्रेटरी नानासाहेब यांनी त्यांना बोलावून घेतलं. खोलीतल्या त्या खडखडाटानं दिलं तसं नेलंही असेल, हे त्यांच्या मनात कधी आलं नाही. म्हणजे येऊ दिलं नाही.

कारण झालं होतं असं की गेल्या पावसाळ्यानंतर लायनी एकदम स्वच्छ झाल्या होत्या. पूर्वी पावसात तारांच्या जोडांत पाणी शिरायचं आणि शिट्ट्यांच्या मागे चरचर ऐकू यायची, तापल्या तव्यावर पाणी शिंपडावं तशी. आता ती चरचर नाहीच. केशवरावांनी आठवडाभर कान देऊन ऐकलं आणि ऑफिसात जाहीर केलं, "दुष्काळानं माणसांचे हाल केले, पण एक केलं. लायनी कोरड्या केल्या." टायपिंग करणाऱ्या मृण्मयीला ते पटलं. नानासाहेबांनाही पटलं. जमीन वाळली तर तार वाळणारच की.

मग चौदाचे अठ्ठावीस झाले, अठ्ठावीसचे तेहतीस. आणि याद्या तुटायला लागल्या.

केशवरावांना आपल्या निदानाबद्दल जराही संशय नव्हता. लाईन स्वच्छ, त्यांचा मोडेम नवा, म्हणजे खोट चितेगावला. तसं ते नानासाहेबांना दोनदा म्हणालेही. घरी अंबिका, त्यांची बायको, हल्ली बोलायची तर समोर येऊन उभी राहायची, हातातलं काम टाकून. टीव्हीचा आवाज कमी करा म्हणून शेजारच्यांनी निरोप पाठवला तेव्हा तीच जाऊन माफी मागून आली. तिनं त्यांना काही म्हटलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही.

त्या सोमवारी तेहतीसवर यादी चारदा तुटली. पाचव्यांदा शेवटच्या दोन-तीन ओळींपर्यंत येऊन तुटली तेव्हा सहा वाजत आले होते. नानासाहेब खाली गाडीत बसून हॉर्न वाजवत होते, ड्रायव्हर लोक पावत्यांसाठी थांबले होते. केशवरावांनी फोन उचलून द्वारकाबाईंना सांगितलं की आलं तेवढं पुरे, राहिलेलं मी कालच्या यादीवरून भरतो. असं ते पूर्वीही करत. गावं थोडीच रोज बदलतात? द्वारकाबाई बरंच काही बोलल्या. केशवराव "हो, हो" म्हणाले आणि फोन ठेवला.

मंगळवारीही तेच.

बुधवारी सकाळी खडकवस्तीची माणसं चितेगावच्या केंद्रावर येऊन धडकली. चितेगावच्या पलीकडची ही चाळीस घरांची वस्ती. तिथली बोअर रविवारी आटली होती, म्हणून सोमवारच्या यादीत तिचं नाव पहिल्यांदाच घातलेलं. सगळ्यात खाली. कालच्या यादीत ते असणार कुठून? दोन दिवस टँकर गेला नाही. मंगळवारी संध्याकाळी केसरबाई नावाची म्हातारी जुन्या विहिरीच्या पायऱ्या उतरून तळातलं गढूळ वाटीनं भरायला गेली आणि पाय घसरून पडली. मांडीचं हाड मोडलं. शहरात घाटीच्या सरकारी दवाखान्यात नेलं तिला.

नानासाहेब स्वतः शेतकरी माणूस, आठ टँकरचे मालक, तापट. त्यांना चितेगावहून फोन आला तेव्हा त्यांनी दोन्ही खोल्यांत ऐकू जाईल असं ओरडून घेतलं. केशवरावांनाही ते स्वच्छ ऐकू आलं. दोन दिवस एक वस्ती कोरडी राहते आणि केंद्रावरच्या बाईला सांगता येत नाही? काढा तिला. पण संघाचं काम नियमानं होतं, म्हणून आधी केशवरावांनी चितेगावला जाऊन मोडेम तपासायचा आणि मग शुक्रवारी पत्र निघायचं.

गुरुवारी केशवराव काळीपिवळी जीपनं पैठण रोडला लागले. रस्ता रुंद करायचं काम चाललं होतं. दोन्ही बाजूंनी जेसीबीनं खणून टाकलेलं, नव्या प्लॉटच्या पाट्या, रो हाऊसच्या पाट्या. शहराला पाणी नेणारी मोठी लोखंडी पाइपलाइन तेवढी मध्ये मध्ये डोकं वर काढत होती. खणलेल्या चरांत टेलिफोनच्या केबल उघड्या पडल्या होत्या. तुटलेल्या जागी जोड मारून त्यांना दुधाच्या पिशव्या गुंडाळल्या होत्या. केशवरावांनी ते सगळं पाहिलं. पंचवीस वर्षं तारांशी काम केलेला माणूस, पण त्याच्या डोक्यात काही हललं नाही. ते पुढच्या सीटच्या पाठीकडे बघत बसले.

द्वारकाबाई चाळिशीच्या, उंच, कपाळाला मोठं कुंकू लावलेल्या निघाल्या. आवाजावरून केशवरावांना त्या ठेंगण्या वाटल्या होत्या. दहावी झाल्यावर लग्न, मग बऱ्याच वर्षांनी कॉम्प्युटरचा कोर्स. नवऱ्याची शेती दोन वर्षं पडीक, आणि मुलगी राजनंदिनी शहरात नर्सिंग शिकत होती, ती ह्याच नोकरीवर. हे त्यांनी केशवरावांना एका दमात सांगितलं. समोर येऊन बोलल्यामुळे ते त्यांना सगळं कळलं. त्यांनी अर्धा पेला पाणी दिलं. त्या दिवसांत सगळीकडे पाहुण्याला अर्धाच पेला देत.

"मशीन बघता न्हवं?" त्या म्हणाल्या. "बघा. मी रोज पुसते."

केशवरावांनी वायर बघितल्या, जोडण्या बघितल्या. त्यात काही खोट नव्हती. मग द्वारकाबाईंनी औरंगपुऱ्याला फोन लावला. तिकडे मृण्मयी होती. हाक कोण, ओ कोण ठरलं, आकडा तेहतीस ठरला, आणि कळ दाबली.

शिट्टी सुरू झाली. केशवरावांनी मान तिरकी केली, डोळे मिटले. खालचा जाडा सूर, मग घरघर, मग शांत.

"स्वच्छ आहे," ते म्हणाले.

"स्वच्छ?" द्वारकाबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. "अवो, चरचर किती हाय. मी रोज सांगते तुम्हाला, काका, आज लई खरखर हाय, खाली घ्या म्हणून."

"मला तर..."

"थांबा." त्यांनी पुन्हा फोन लावला आणि ह्या वेळी स्पीकरचं बटण पार शेवटापर्यंत फिरवलं.

केशवरावांनी ह्या वेळी डोळे मिटले नाहीत. त्यांना पुन्हा तोच जाडा सूर ऐकू आला, थोडा मोठा, एवढंच. दारात गोणी उतरवणारे दोन हमाल उभे होते. एकानं डोक्यावरची गोणी तशीच खाली टाकली आणि दोन्ही कानांवर हात ठेवले. दुसऱ्याचं तोंड वाकडं झालं. त्यानं दारातून माघार घेतली. द्वारकाबाईंनीही एक कान खांद्याला टेकवला होता.

तिघांनाही ऐकू येत होतं असं काहीतरी त्या खोलीत चाललं होतं, आणि केशवराव त्याच्या मधोमध बसले होते.

द्वारकाबाईंनी मशीन बंद केलं. हमालांना जायला सांगितलं. मग स्टूल ओढून त्या त्यांच्या अगदी समोर बसल्या.

"कवापासून, काका?"

केशवरावांना वाईट वाटायला हवं होतं, आणि ते वाट बघत होते की आता वाटेल. तसं काही झालं नाही. नुसतं रिकामं झालं सगळं. त्यांच्या मनात आलं की पेल्यातलं पाणी संपवलं पाहिजे, टाकणं बरं नाही, आणि ते त्यांनी पिऊन टाकलं.

"सोमवारी फोनवर काय सांगितलं होतं मला?" त्यांनी विचारलं.

"हेच की नवी वस्ती शेवटाला हाय. कालच्या यादीत नाय, तेवढी हातानं लिवा. दोनदा सांगितलं. तुम्ही हो, हो म्हणलात. मंगळवारी बी."

"हो," केशवराव म्हणाले.

त्यांनी मग पत्राचं सांगितलं. सांगायचं नव्हतं, पण सांगितलं. द्वारकाबाईंनी पदरानं चेहरा पुसला. रडल्या नाहीत.

"तुमच्या कानाचं मी कुनाला सांगायची नाय," त्या म्हणाल्या. "मी इकडून ऐकत जाईन. मी चौदा म्हणलं की तुम्ही चौदा टाका, नऊ म्हणलं की नऊ. कुनाला कळायचं नाय. पण मी सांगितलं होतं, तेवढं मात्र सांगा साहेबांना. एवढंच सांगा."

एवढंच. पण त्यांनी सांगितलं होतं म्हटलं, की मग ऐकणाऱ्यानं काय केलं हे येणारच. हे द्वारकाबाईंच्याही लक्षात आलं असावं, कारण त्या स्टूल जागेवर ठेवायला उठल्या. जीपपर्यंत सोडायला मात्र आल्या.

रात्री जेवताना अंबिकेनं विचारलं की मशीनचं काय झालं. ते म्हणाले, मशीन चांगलं आहे. तिनं त्यांच्याकडे पाहिलं आणि ताटात भाजी वाढली. पाठ टेकताच त्यांना झोप लागली. त्याचं त्यांना दुसऱ्या दिवशी आश्चर्य वाटलं.

शुक्रवारी अकराला नानासाहेबांनी बोलावलं. मृण्मयीनं पत्र टाइप करून टेबलावर ठेवलं होतं. त्यात होतं की चितेगाव केंद्रानं नवीन वस्तीची माहिती मुख्य ऑफिसला दिली नाही, त्यामुळे वस्ती दोन दिवस पाण्यावाचून राहिली, सबब श्रीमती द्वारकाबाई यांना कामावरून कमी करण्यात येत आहे. खाली डाव्या हाताला केशवरावांच्या सहीची जागा. माहिती मिळाली नाही, असं त्यांनी लिहून द्यायचं होतं.

नानासाहेबांनी पेन पुढे केलं. केशवरावांनी ते घेतलं, टोपण काढलं, परत लावलं.

"माहिती दिली होती तिनं," ते म्हणाले.

"कधी?"

"सोमवारी. आणि मंगळवारी. फोनवर. मला ऐकू आलं नाही."

"लाईन खराब होती म्हणा की."

केशवरावांना तिथे थांबता आलं असतं. नानासाहेबांनी आपण होऊन दार उघडून दिलं होतं. लाईन खराब होती म्हटलं असतं तर द्वारकाबाईही वाचल्या असत्या आणि तेही. पण मग लायनी कोरड्या झाल्या म्हणून जाहीर कुणी केलं होतं? आणि आज चारला आकडा कुणी ठरवला असता? पुन्हा त्यांनीच.

"लाईन खराबच आहे. पण ती खराब आहे हेसुद्धा मला ऐकू येत नाही," ते म्हणाले. "कान गेलेत माझे, नानासाहेब. बारीक आवाज येत नाहीत. बाईमाणसाचं फोनवरचं बोलणं लागत नाही."

"मग हो कशाला म्हणालात तिला?"

"सवयीनं."

नानासाहेब ओरडतील असं मृण्मयीला वाटलं होतं. ते ओरडले नाहीत. उठून खिडकीशी गेले, औरंगपुऱ्याच्या गर्दीकडे तोंड करून उभे राहिले. बराच वेळ झाला. मग वळले.

"आत्ता काय म्हणालो मी?" त्यांनी विचारलं.

केशवरावांनी मृण्मयीकडे पाहिलं. ती खाली बघत होती. म्हणजे ते खरंच काहीतरी बोलले होते.

"नाही आलं ऐकू," केशवराव म्हणाले.

नानासाहेबांनी मान हलवली. पत्राच्या दोन्ही प्रती त्यांनी दुमडून खिशात घातल्या. केसरबाईला बघायला घाटीत जायचं आहे, तुम्हीही चला म्हणाले, आणि हे मात्र त्यांनी मोठ्यानं, एकेक शब्द तोडून सांगितलं. माणूस वाईट नव्हता. जाता जाता मृण्मयीला सांगितलं की आजपासून मशीन तू घे. केशवराव पावत्या लिहितील.

घाटीत केसरबाई झोपेच्या इंजेक्शनखाली होती. केशवराव पलंगाच्या पायथ्याशी उभे राहिले. तिचा मुलगा नानासाहेबांशी काहीतरी बोलला, नानासाहेब त्याला काहीतरी बोलले. परत निघाले तेव्हा केशवरावांनी तिच्या पायावरची चादर सारखी केली.

चार वाजता ऑफिसात केशवराव दाराजवळच्या टेबलाशी पावतीपुस्तक घेऊन बसले होते. त्यांच्या खुर्चीत मृण्मयी होती. हाक कोण मारणार ते ठरलं. मृण्मयी फोनवर द्वारकाबाईंना म्हणाली, "तुम्हीच सांगा किती," आणि तिनं आकडा टाकला. मग तिनं रिसीव्हर पुढे धरला.

"तुम्हाला मागतायत."

केशवरावांनी तो घेतला. पलीकडून द्वारकाबाईंचा आवाज वरखाली होत आला, थांबला, परत आला. 'काका' एवढं कळलं. पुढचं काही नाही. दारात चार ड्रायव्हर उभे होते. केशवरावांच्या ओठांवर 'हो' आलं होतं.

"बाई, मला ऐकू येत नाही," ते म्हणाले.

आवाज थांबला. मग सावकाश, बहुधा मोठ्यानं, पुन्हा आला. त्यांनी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावून बघितला.

"नाही येत," ते म्हणाले, आणि रिसीव्हर मृण्मयीला परत दिला. तिनं ऐकलं, बरं म्हणाली आणि कळ दाबली. ड्रायव्हरांनी तोंडं वाकडी केली तेव्हा त्यांना कळलं की शिट्टी सुरू झाली आहे.

यादी पहिल्याच फेरीला पूर्ण उतरली. मृण्मयीनं कागद फाडून त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी शेवटच्या ओळीपासून लिहायला सुरुवात केली. खडकवस्ती, दोन खेपा. ती पावती कचरूची होती. त्यांनी ती पुस्तकातून फाडली.

कचरू पुढे आला. टेबलावर दोन्ही हात टेकून तो त्यांच्या कानाशी वाकला आणि तोंड मोठं उघडून, सगळ्या ऑफिसला ऐकू जाईल असा ओरडला, "का-का! खडक-वस्ती! मी जातो! सम-जलं का?"

मागचे ड्रायव्हर हसले नाहीत. केशवरावांनी मान हलवली, पावती त्याच्या हातात दिली आणि पुढच्या गावाचं नाव लिहायला घेतलं.